तिसरा गिअर आणि देवरावांचा गुडघा

मागच्या सोमवारी आमच्या ट्रकचा तिसरा गिअर लागेनासा झाला. फुलसावंगीहून कापूस भरून निघालेली गाडी आर्णीपासून दुसऱ्या गिअरवर कण्हत कण्हत यवतमाळला पोचली. कापूस जिनिंगला उतरवला आणि गाडी थेट गॅरेजात लावली.

आमचे हे गेल्यापासून हा एकच ट्रक मी सांभाळते आहे. ड्रायव्हर देवराव, यांच्याच वेळचे. गाडीची नस न् नस त्यांना ठाऊक, म्हणून मी कधी गॅरेजात बघायलाही गेले नाही...

वेळ वाईट होती. गावोगाव सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन वेचणी लागली होती, आणि बोंडअळीने सलग दुसऱ्या वर्षी पिकाची वाट लावली होती. माल कमी, ट्रक जास्त. आठ दिवस गाडी उभी राहिली, की आपला माल दुसरा उचलून नेणार.

धाकटे दीर म्हणाले, भंगारातला चांगला गिअर बॉक्स आणून चढवून टाका, दोन दिवसांत मोकळे. मला पटलं होतं. पण गॅरेजच्या मिस्त्रींना पटलं नाही.

"भाभी, कबाडातला डबा म्हणजे दुसऱ्याची बुढी म्हैस. दूध देते का लाथ मारते, ते घरी बांधल्यावरच समजते." आधी आपला डबा खोलून तर पाहू, म्हणाले. मी मंगळवारी सकाळी स्वतः जाऊन उभी राहिले. माझ्यासमोर उघडा, म्हटलं. मला कुणी गुंडाळलेलं चालत नाही.

डबा उघडला. डिझेलने धुतलेले गिअर मिस्त्रींनी पोत्यावर ओळीने मांडले, आणि तिसरा उचलून माझ्या हातात दिला. दातांच्या कडा फुटलेल्या होत्या... उंदराने कुरतडल्यासारख्या.

मी विचारलं, डबा दुरुस्त करून बांधायचा की बदलायचा? मिस्त्रींनी चिंधीला हात पुसले. मग देवराव चहा सांगायला टपरीवर गेलेत, हे बघून हळूच म्हणाले...

"झिजले असते त मी बिनघोर बांधून देल्लं असतं. हे झिजले नाही, फुटले. क्लच पुरा दाबल्या जाऊन नाही राह्यला, भाभी. नवा डबा टाकला तरी एका सिझनमधी हेच होईन."

क्लच दाबतो डावा पाय. मी टपरीकडे बघितलं. देवराव चहाचे कप घेऊन येत होते, आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. कमरेपासून सबंध पाय पुढे टाकत होते.

गेली दोन-तीन वर्षं देवराव माझ्यासमोर बसलेले नाहीत. हिशेब द्यायला आले तरी दाराशी उभे. मी त्याला मान समजत होते. खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं... पण त्यांना गुडघा मोडून खाली बसताच येत नव्हतं.

मी सरळ विचारलं. गोल फिरवून बोलणं मला जमत नाही. त्यांनी कप स्टुलावर ठेवले आणि खाली मांडलेल्या गिअरांकडे बघत राहिले.

"डब्याचा दोष नाही, वहिनी. पाय साथ देऊन नाही राह्यला."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तुम्ही मले घरी बसवलं असतं."

 तेच केलं असतं मी. दुसऱ्या दिवशी.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जातं. काही वर्षांपूर्वी खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची दोन-दोन दिवस रांग लागायची. हातभर सरकायचं, थांबायचं, पुन्हा क्लच दाबायचा... एकदा देवराव पाय मोकळे करायला खाली उतरले आणि मागच्या चार गाड्या पुढे घुसल्या. मी चारचौघांत त्यांना बोलले. सीट सोडायची नाही, म्हणून बजावलं.

त्यानंतर कुठल्याही रांगेत त्यांनी सीट सोडली नाही. गुडघा नेमका त्यानेच गेला का, मला माहीत नाही. गॅरेजातून मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलं. तेवढं मात्र माझ्यामुळेच.

डबा बांधूनच घेतला. नवा ड्रायव्हर देवरावांनीच शोधून दिला, त्यांच्याच आर्णीचा, शांत माणूस. कापूस भरताना लक्ष ठेवायला तुम्ही या, असं मी देवरावांना म्हटलं. ते "पाहू" म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यांनी मला "पाहू" कधी म्हटलं नव्हतं.

काल गाडीची ट्रायल झाली. नवा ड्रायव्हर स्टिअरिंगवर, देवराव मध्ये डावा पाय लांब करून, मी खिडकीशी. गिअर लोण्यासारखे पडत होते. दुसरा... तिसरा... चौथा. देवराव नुसते समोर रस्त्याकडे बघत होते, पण प्रत्येक गिअरला त्यांचा डावा पाय पत्र्यावर दाबला जात होता. अर्धाच.

मी तोंड खिडकीकडे वळवलं. आयुष्यभर माणसांना मी शिस्त लावली. त्यांना ती किती दुखते, हे एकदाही विचारलं नाही... देवराव, तुम्ही हे वाचणार नाही. म्हणून उद्या आर्णीला तुमच्या घरी येऊन तोंडानेच सांगणार आहे.