झोपाळ्यावरचं गाणं नव्हतंच!

गेटवर तिकिटं फाडणाऱ्याच्या खिशात अर्धुकं राहतातच. रोज खिसा झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेला! किस्स्यांचंही तसंच हाय. आमची टॉकीज बंद पडून जमाना झाला, पण खिसा काय रिकामा होईना.

शाळा मी दुसरीत सोडली, वाचायला शिकलो ते पोस्टरवर. आता दर रविवारी आम्ही तिघं म्हातारे औरंगपुऱ्यात सलीमभाईंच्या घरी जमतो. सलीमभाई पिक्चरच्या मशीनवरचे ऑपरेटर, कुंडलिकराव बुकिंगच्या खिडकीत, मी गेटवर. भाभी, म्हणजे सलीमभाईंच्या बेगम, चहा करतात. टीव्हीवर जुना पिक्चर लावायचा आणि निकाल द्यायचा: अजून चालतो, का उतरवायचा?

*

पहिल्याच रविवारी ध्यानात आलं, सलीमभाई पिक्चर बघतच नाहीत! नजर कायम वरच्या कोपऱ्यात. रीळ संपत आलं की तिथं ठिपका येतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. जन्मभर तेच केलं. टीव्हीवर ठिपका आला आणि यांचा हात हवेत फिरला. चित्र आपलं पुढं चालूच.

"देखा? रीळ बदललं, झटका बसला का? नाय बसला!"

"ते ऱ्हाऊ द्या. पिक्चर कसा वाटला?"

"फोकस अच्छा है."

*

कुंडलिकरावांची तऱ्हा निराळी. खिडकी बंद करून, गल्ला लावून आत येईपर्यंत अर्धा तास गेलेला. कुठल्याच पिक्चरची सुरुवात त्यांनी बघितली नव्हती. दोन पैलवानांचा एक गाजलेला पिक्चर आम्ही लावला. जत्रेत दोन पोरं चुकली, तसे कुंडलिकराव ताडकन उठले.

"अरे, हे दोघं भाऊ हायेत व्हय? मी म्हणायचो, एवढी हाणामारी करून शेवटी गळ्यात पडून रडतात कशाला!"

निकाल दिला, "चांगला हाय. नवीनच निघाला!"

*

माझंही हसू झालंच. एका पिक्चरात आई मरायची, आणि त्या टायमाला मी गेटवर रोज रडायचो. टीव्हीवर आई मेली, पण डोळ्यात टिपूस नाय! मला वाटलं, पिक्चर जुना झाला. मग सहज वळून कुंडलिकरावांकडं बघितलं. ते उपरण्यानं नाक पुसत होते. झालं, माझाही बांध फुटला.

भाभी म्हणाल्या, "दादा, तुम्ही पडदा कधी बघितलाच नाय. तुम्ही पब्लिक बघायचे."

खरंच की!

*

आता मागच्या रविवारचं. आम्ही पोचलो तर आत भांडण चालू.

"चहात साखर नाय!"

"दोन चमचे टाकली. मेरे हाथों से!"

"तुला काय, तुला तर ते झोपाळ्यावरचं गाणंपण दिसलं होतं!"

भाभी कप उचलून आत गेल्या. या घरात चाळीस वर्षं प्रत्येक भांडण याच वाक्यावर संपतंय. किल्ली हरवू द्या, नायतर लग्नाच्या तारखेवरून वाद निघू द्या.

भानगड अशी. भाभी पैठणच्या. लग्नाआधी तंबूत एक पिक्चर बघितला, त्यात झोपाळ्यावरचं गाणं होतं. लग्नानंतर आमच्या टॉकीजात तोच पिक्चर बघितला, तर गाणं गायब! विचारलं तर नवरा म्हणाला, "असं गाणंच नाय. मी रोज तीनदा लावतो, मला सांगती?"

गाणं होतं. खेळ लवकर सुटावा, पैठणच्या लोकांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून सलीमभाईंनी ते कापून डब्यात ठेवलं होतं. मालकाला कळलं तर नोकरी जायची, म्हणून बायकोलाही सांगितलं नाय. पुढं नोकरी गेली, टॉकीज गेली, पण खोटं तेवढं राहिलं. हे ठाऊक फक्त त्यांना आणि मला.

आणि त्या दिवशी कुंडलिकरावांनी नेमका तोच पिक्चर लावला!

"याची प्रिंट खराब हाय," सलीमभाई म्हणाले. कुणी ऐकेना. पडद्यावर झाड दिसलं, तसे ते रिमोट शोधायला लागले. रिमोटवर कुंडलिकराव बसलेले! झोपाळा हलला. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढची ओळ टीव्हीच्या आधी त्यांच्याच तोंडून येत होती. अख्खं गाणं झालं. सलीमभाईंनी मान काही वर केली नाय.

भाभी आत गेल्या, ताजा चहा घेऊन आल्या. पहिला कप नवऱ्यापुढं धरला.

"शक्कर?"

सलीमभाईंनी घोट घेतला. "बरोब्बर! एकदम बरोब्बर!"

मग मी घोट घेतला. साखर नव्हतीच.