निसार मास्तरांचं अंतर्वर्तुळ

नाशकातल्या एका मराठी शाळेत निसार मास्तर भूमिती शिकवायचे. मूळचे सायखेड्याचे. शेतकऱ्याच्या घरातून शिकून शहरात आलेले ते पहिलेच. कोकणीपुऱ्यात दोन खोल्यांत ते आणि बायको शकीला राहत. मूलबाळ नव्हतं.

त्रिकोण काढून त्याच्या आत तिन्ही बाजूंना नेमकं टेकणारं वर्तुळ काढायचं, हा त्यांचा आवडता धडा. दोन कोनांचे दुभाजक जिथं मिळतील तो मध्य. तिथून एका बाजूवर लंब टाकायचा आणि त्या लंबाएवढा कंपास उघडून फिरवायचा. मास्तरांचा लाकडी कंपास फळ्यावर फिरू लागला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होत.

१९३३ च्या थंडीत त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मांडीवर असला की शांत. खडू उचलला की सुरू. एकदा वर्तुळाची दोन टोकं जुळलीच नाहीत. "खडू ओला दिसतोय," म्हणत त्यांनी फळा पुसला. हकिमाचं तेल झालं, दर्ग्यावर चादर चढवून झाली, उतार पडला नाही. डाव्या हातानं करून पाहिलं, तर साधी रेघही वाकडी येई.

एका संध्याकाळी ते घरी कागदावर सराव करत बसले होते. कंपासाच्या टोकानं कागद फाटला. शकीला भाकरी थापता थापता उठून आली.

"अहो, द्या इकडे. तुम्ही सांगा, मी काढते."

शकीला चौथीपर्यंत शिकलेली. तिचं पहिलं वर्तुळ तिन्ही बाजूंच्या बाहेर गेलं.

"अंदाजानं तिरपं अंतर घेतलंस," मास्तर म्हणाले. "लंब घे. बाजूला काटकोनात मिळाला पाहिजे. तेच सगळ्यात जवळचं अंतर."

तिनं पुन्हा काढलं. महिनाभरात तिचा हात असा बसला की मास्तर मोठ्या कागदावर तिच्याकडून आकृत्या काढून घेऊ लागले. वर्गात कागद टांगायचा आणि छडीनं दाखवत शिकवायचं. पोरांना वाटे, मास्तरांनी नवी पद्धत आणली. हेडमास्तर गायधनींना कळलं होतं. त्यांनी ते चालू दिलं.

पुढच्या वर्षी शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर, आले. टांगलेला कागद बघून म्हणाले, "छान. आता हीच आकृती फळ्यावर काढा."

मास्तरांनी त्रिकोण कसाबसा काढला. दुभाजक भलतीकडेच मिळाले. कंपासाचं टोक फळ्यावरून घसरलं आणि वर्तुळाची रेघ बाजू ओलांडून गेली. कुणी हसलं नाही. दिपोटींनी हळूच विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

डॉक्टरी तपासणी झाली, हा हात बरा होणार नाही असा शेरा आला आणि पावसाळ्याआधी नोकरी गेली.

मास्तर गायधनींकडे गेले. "साहेब, आकृत्या माझी बायको काढत होती. मुलींच्या शाळेत तिला घेता आलं तर बघा."

"निसारमिया, चौथी शिकलेल्या बाईला कोण घेणार? निदान सातवीची परीक्षा तरी द्यायला हवी."

मास्तरांनी पुस्तकं आणली. शकीला दुपारभर अभ्यास करी. पण मास्तर आता पूर्वीचे राहिले नव्हते. तिची रेघ चुकली की ओरडत, आणि बरोबर आली की तोंड फिरवून बसत. एक दिवस तिनं न विचारता एक अवघड, लांबट त्रिकोण घेतला आणि त्यात वर्तुळ काढलं. तिन्ही बाजूंना टेकलेलं. ती हरखून म्हणाली, "बघा ना, एका दमात आलं!"

मास्तरांनी तिच्या हातातला कंपास हिसकून भिंतीवर मारला.

"माझ्यासमोर मिरवतेस?"

लगेच त्यांना रडू आलं. त्यांनी माफी मागितली, दुसऱ्या दिवशीही मागितली. शकीला म्हणाली, "मला राग नाही आला." ते खरंही असावं. पण पुस्तकं तिनं कपाटात ठेवली आणि परीक्षेचं नाव पुन्हा काढलं नाही.

वर्षअखेरीस ती दोघं सायखेड्याला, मास्तरांचा धाकटा भाऊ अब्बास याच्या घरी राहायला गेली. अब्बास भला माणूस. "भाऊ, तुम्ही नुस्तं बसून ऱ्हा," म्हणायचा. मास्तर तेच करत. शकीला जावेबरोबर शेतात जाई. हळूहळू थरथर डाव्या हातातही उतरली, घास तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा ती त्यांना भरवू लागली.

एकदा जेवताना तिनं विचारलं, "परत शिकवाल मला? परीक्षेसाठी नाही, असंच."

मास्तरांनी तोंड अंगणाकडे वळवलं.

"सगळं विसरलो गं," ते म्हणाले.

ते विसरले नव्हते, हे तिला माहीत होतं. तिनं भाकरी आमटीत कुस्करली आणि पुढचा घास केला.