राईस मिलमागची घोडी

आमच्या घरी घोडी होती असं सांगितलं की लोकांना वाटतं, काय थाट असेल! थाट कसला? चामोर्शीच्या बाजूला धानाच्या बांध्यांमधलं आमचं गाव, गुरांच्या कोठ्यात एक बैलजोडी, आणि तिच्या शेजारी धानाच्या तणसावर उभं राहून थरथरणारं जेमतेम तीन वर्षांचं घोडीचं पोर. ती आणायची हौस नवऱ्याची. तिला बिघडवलं मात्र मी. गावातली माणसं आजही हे उलटंच सांगतात.

नवरा लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. डीजे आला आणि बँड बसला. ढोल कोठ्याच्या आड्याला टांगला गेला आणि हा त्याच्याखाली खाट टाकून लोळू लागला. एक दिवस उठून म्हणाला, "डीजेनं बँड खाल्ला, पण घोडीले थोडीच खाईल? नवरदेव का टेम्पोवर बसन?" बोलणं पटण्यासारखं होतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याचं मला पटलेलं हे बहुधा पहिलंच बोलणं, आणि तेच नडलं. पंधरा दिवसांत तो घोडी घेऊन आला, तीही अजिबात न शिकवलेली. म्हणाला, आपण शिकवू. आपण म्हणजे कोण, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आम्ही बैलांची माणसं. बैल चालेना तर त्याची शेपटी पिळायची आणि मागून हाकायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात घोडीची शेपटी पिळली. तिने मांडीवर अशी लाथ घातली की पंधरा दिवस तो काठी टेकत चालला. पाय बरा झाल्यावर तीच काठी त्याने तिच्या पाठीवर मोडली. त्यानंतर ती कुणालाच जवळ येऊ देईना. त्यात नुसतं तणस खाऊन तिचं पोट फुगलं. जनावरांचे डॉक्टर आले आणि आम्हा दोघांवर ओरडले, "हे बैल नाई ना बाप्पा, घोडी आहे घोडी!"

मी अंगणवाडीत काम करते. दुपारी दोनला सुटले की कोठ्यात घमेलं उपडं घालून त्यावर बसायची आणि सुपात हरभरे निवडायची. तिच्याकडे बघायचं नाही आणि हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. अंगणवाडीत पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोरांना मी असंच गप्प करते. नवव्या दिवशी तिने मान लांब करून सुपात तोंड घातलं. मला इतका आनंद झाला की मी सगळं सूप तिच्यापुढे ठेवलं आणि घरात शिजवायला काही उरलं नाही म्हणून नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या.

खरी अडचण होती आवाजाची. वरातीची घोडी आवाजाला भिऊन कसं चालेल? नवऱ्याने आड्यावरचा ढोल काढून तिच्यासमोर वाजवला तर तिने कुंपणावरून उडीच मारली. तो चिडला. म्हणाला, "येत्या लग्नसराईत चालली तर घरची, नाई तर वीटभट्टीवर नेऊन देतो." भट्टीवरची जनावरं मी पाहिली होती. पाठीची साल निघालेली, डोळ्यांत राख. मी मनात म्हटलं, हिला मी तिकडे जाऊ देणार नाही.

गावाबाहेर राईस मिल आहे. दिवाळीनंतर तिथे दिवसभर यंत्र धडधडत असतं, शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. मिलचे मिस्त्री वयस्क आणि कमी बोलणारे होते. त्यांना विचारून मी घोडी मिलमागच्या बाभळीला बांधू लागले. पहिल्या दिवशी घामाने भिजली, पण उभी राहिली. मी खूश होते. तेवढ्यात दिवसाचं काम संपलं म्हणून मिस्त्रींनी यंत्र बंद केलं. एकदम चुपचाप झालं, आणि घोडी दावं तोडून पळाली ती बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, गाळात पोटापर्यंत रुतली. चार माणसांनी ओढून बाहेर काढली.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "बाई, आवाजाले नाई भेली ते. आवाज गेला म्हणून भेली."

मी म्हटलं, "काय सांगता भाऊ! जे आवाजाले भेते, ते आवाज गेल्यावर काऊन भिवन?"

ते यंत्राकडे वळले. मला वाटलं, तांदूळ काढणाऱ्या माणसाला जनावराचं काय कळतं. तरी मी सावध झाले. दुसऱ्या दिवसापासून मिल चालू असतानाच घोडीला न्यायची आणि चालू असतानाच परत आणायची. यंत्र बंद होण्याच्या वेळी ती कधीच तिथे नसेल असं बघायची. पुन्हा दावं तुटलं नाही, पुन्हा पळापळ झाली नाही. अडचण किती हुशारीने बाजूला सारली म्हणून मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

माघापर्यंत ती त्या धडधडाटात उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागली. मी तिच्या पाठीवर आधी रिकामं पोतं टाकलं, मग कोंड्याचं भरलेलं, मग खोगीर. शेवटी लुगड्याचा काष्टा मारून मी स्वतः बसले. चाळिशी उलटलेली बाई घोडीवर बसलेली पाहून मिलवरचे हमाल काम सोडून बाहेर आले. हसले ते हसू देत. कालव्याच्या पाळीवरून तिने मला सावकाश नेलं आणि आणलं. आपलंच गाव इतकं नीटनेटकं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. पुढचा महिनाभर मी रोज बसत होते; तेव्हा जितकी सुखात होते तितकी नंतर कधी झाले नाही.

उन्हाळ्यात माझ्या जेठांच्या, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या, मुलाचं लग्न निघालं. जाऊबाई स्वतः येऊन म्हणाल्या, "नवरदेव आपल्याच घोडीवर बसन." नवऱ्याने मला विचारलं, "पक्कं ना?" मी म्हटलं, "पक्कं. माझ्यावर सोडा."

वरात निघाली. पुढे डीजे, मागे फटाके, मधे पोरं नाचताहेत आणि घोडी कानसुद्धा न हलवता चाललीय. लगाम धरून नवरा असा मिरवत होता की जणू त्यानेच तिला नऊ महिने पोटात वाढवलं. मीही मिरवत होते, उगाच का खोटं बोलू. मांडवाच्या दाराशी वरात आली. आतून कुणीतरी हात वर करून ओरडलं, "बुद्धवंदना सुरू होते, आवाज बंद करा." डीजेवाल्याने एका झटक्यात बंद केला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. बायकांनी पोरांची तोंडं दाबली.

त्या शांततेत घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. पुतण्या नालीच्या दगडावर पडला. त्याचं खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कारण दुसरा कसलाच आवाज तिथे नव्हता. घोडी लगाम हिसकून बांध्यांकडे पळाली. आम्ही तिला शोधत गेलो तेव्हा उन्हाळी धानाला पाणी देणारं एक डिझेल इंजिन फटफटत होतं, त्याला अगदी चिकटून ती उभी होती. अंग थरथरत होतं. मिस्त्री काय म्हणाले होते ते मला तिथे कळलं. शांततेची भीती पहिल्याच दिवशी दिसली होती. तेव्हाच तिच्याजवळ उभं राहून ती काढायला हवी होती. मी चार महिने रोज ती टाळली आणि तिच्यात मुरवली.

लग्न दुसऱ्या दिवशी झालं, नवरदेवाचा हात गळ्यात बांधून. जाऊबाईंनी आमच्या घरचं पाणी सोडलं. गावात थट्टेला तोटा नव्हता. "लोकांचं घोडं वरातीमागून येते, यांचं वरातीतून पळते," असं पानठेल्यावर रोज चालायचं. आणि दोष सगळ्यांनी नवऱ्याला दिला. मारून मारून जनावर बिथरवलं, असं जेठ त्याला अंगणात उभं करून बोलले. तोही मान खाली घालून ऐकत राहिला, कारण त्याने मारलं होतं हे खरंच होतं. मी ओट्यावर उभी होते. एक शब्द बोलले नाही. आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर परस्पर पडत असेल तर माणूस किती शांत राहू शकतो हे मी तेव्हा पाहिलं, आणि तो माणूस मीच होते.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींचे पाय धरायचेच बाकी ठेवले. ते म्हणाले, "आना घोडी." मग ते रोज जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद करायचे आणि मी अंगणवाडीतून पळत येऊन तिच्या मानेला मिठी मारून उभी राहायची. ती थरथरायची, मी तिच्या कानात काहीबाही बडबडायची. मग हळूहळू बडबड कमी केली. तीन आठवड्यांनी यंत्र बंद झालं की ती फक्त कान टवकारायची आणि माझ्याकडे बघायची. आणखी महिनाभर मिळाला असता तर तेवढंही राहिलं नसतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

महिना मिळाला नाही. मूल गावाहून एक माणूस आला. त्याच्याकडे वरातीच्या दोन घोड्या होत्या, तिसरी हवी होती. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिली. त्याला ती आवडली. नवऱ्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. माझाही जीव भांड्यात पडला, कारण भट्टी टळत होती. मग त्या माणसाने घोडीच्या कपाळावर हात ठेवला. आमच्याकडे जनावर देताना अशी खोड विचारतात, आणि त्यावर खोटं बोलू नये असा रिवाज आहे. त्याने नवऱ्याला नाही विचारलं. मला विचारलं, "बाई, तुमी शिकवली म्हंते. काही खोड?"

नवरा माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. मला पुतण्याचा गळ्यात बांधलेला हात दिसत होता, आणि उद्या हिच्यावर बसणारा कुठल्या तरी गावचा दुसरा पोरगा. मी म्हटलं, "आवाज एकदम थांबला का उधळते. मीच तशी सवय लावली. महिनाभर थांबा भाऊ, निघते ते."

"मले तयार पायजे होती," तो म्हणाला. पाणी पिऊन निघून गेला.

नवरा खाटेवर बसून दोऱ्या चाचपू लागला. म्हणाला, "मंग तुले मालूम होतं. भावानं मले अंगणात उभं केलं, तवा तू ओट्यावर होती." त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "लोकाच्या पोरासाठी खरं बोलता आलं तुले," एवढं म्हणून तो उठला आणि भट्टीवाल्याला फोन लावला. मला त्याला अडवायचं तोंड उरलं नव्हतं.

भट्टीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने खोड विचारली नाही. भट्टीवर कोण विचारतो?

पुढच्या हिवाळ्यात पोलिओचे डोस पाजायला माझी नेमणूक त्याच भट्टीवर झाली. मजुरांच्या पोरांना थेंब पाजून मी परत निघाले तर ती विटांची खेप घेऊन उभी होती. बरगड्या दिसत होत्या. जेवणाची वेळ होती, भट्टीवर सगळं चूप होतं, कुठे काही हलत नव्हतं. तिचा कानही हलला नाही.

भट्टीवाला माझ्याबरोबर चालत होता. कौतुकाने म्हणाला, "लई गरीब जनावर हाय बाई. कायलेच नाई भेत. कोनं शिकवलं असन हिले?"

मी म्हटलं, "मले काय मालूम?"

तिच्या मानेला हात लावायला दहा पावलं लागली असती. मी डोसची पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि रस्त्याला लागले.