पटावरची पोर

लासलगावात कांद्याच्या खळ्यावर गोजराबाई भोये म्हणून एक बाई होती. मूळची सुरगाण्याकडची. नवरा बहिरू विहिरीच्या कामावर दगावला आणि ही चार वर्षांच्या पोरीला काखोटीला मारून खाली बाजारगावात आली, ती आलीच. काम काय, तर ढिगापुढे उकिडवं बसायचं, कांद्याची पात कापायची, मोठा माल इकडे, बारीक गोल्टी तिकडे, सडका मागे. संध्याकाळी गुडघ्यांवर हात दाबल्याशिवाय उठता यायचं नाही. तोंड मात्र दिवसभर चालू. खळ्यावर दोन बाया भांडल्या की गोजराबाई दोघींनाही शिव्या घालून मोकळी व्हायची. पण पोरांचा तिच्यावर फार जीव. ती म्हणेल तिकडे सगळी शेंबडी फौज निघायची, आणि देवरामनं नेमकं हेच हेरलं.

देवराम म्हणजे एका निवासी शाळेचा कारकून. दहा-बारा मैलांवर कुणा अण्णासाहेबांनी ती काढली होती. अण्णासाहेबांना गोरगरिबांच्या पोरांचा भारी कळवळा! इतका, की हजेरीपुस्तकात एकशेवीस पोरं दोन वेळा जेवत होती आणि पत्र्याखाली झोपत होती पस्तीस. उरलेल्यांच्या नावचं धान्य, कापड, अनुदान कुठं जिरायचं, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. फक्त वर्षातून एकदा तपासणीला साहेब आला की पोरं उभी करून दाखवावी लागत.

शहाण्णव साली पहिल्यांदा टेम्पो खळ्यावर आला. देवराम म्हणाला, "मावशी, एका दिवसाचं काम हाय. पोरं न्हेतो, जिलबी-भात खाऊ घालतो, दिवेलागणीला आणून सोडतो. तुझ्या शब्दावर बाया पोरं देतील. तुला काय पायजे ते माग."

दुसरी कुणी लुगडं मागितलं असतं. गोजराबाईनं काय मागावं? म्हणाली, "बाकीच्या पोरांना काय नावं द्यायची ती द्या. माझ्या सुवर्णाचं मात्र खरं नाव लावा पटावर. बापाच्या नावासकट."

देवराम हसला. त्याचं काय जात होतं? त्यानं तिथंच लिहून घेतलं: सुवर्णा बहिरू भोये, इयत्ता पहिली.

टेम्पोत पोरांना निळे-पांढरे कपडे चढवले. प्रत्येकाला एकेक परकं नाव पाठ करायला दिलं, चुकलं की देवराम टाळक्यात टपली मारायचा. एकटी सुवर्णा आपल्याच नावानं बाकावर बसली. साहेबानं हजेरी घेतली, मटणावर ताव मारला, वहीत 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारला आणि गाडीत बसून गेला. संध्याकाळी कपडे काढून घेतले, मोजून पेटीत ठेवले. सुवर्णा घरी येऊन आईला म्हणाली, "आय, तिथं खडूचा वास येतो."

तेव्हापासून गोजराबाईची मान ताठ झाली. पोर ढिगापुढे बसून पात कापत होती आणि तिकडे दर जूनला वरच्या वर्गात जात होती! देवरामच सांगायचा ना, "पोरगी पास झाली, मावशी." गोजराबाई अंगठेबहाद्दर. तिला वाटायचं, नाव एकदा सरकारी पुस्तकात चढलं की शिक्षण आपोआप पोरीच्या खात्यावर जमा होत असणार. हसू नका. शिकलेल्यांनीच तिला तसं सांगितलं होतं.

सुवर्णा तिसरीत, म्हणजे कागदावर तिसरीत, असताना गावातल्या शाळेच्या प्रतिभाबाई खळ्यावर आल्या. शाळेत न जाणारी पोरं हुडकत उन्हातान्हात फिरणारी बाई. त्यांनी सुवर्णाला पाटी दाखवली, 'स' काढून दिला. पोरीनं तो असा काही गिरवला की बाई म्हणाल्या, "हिला माझ्याकडे पाठवा. उद्यापासूनच." सुवर्णानं त्यांचा पदर जो धरला, तो सोडीचना.

गोजराबाई तोऱ्यात म्हणाली, "अवो बाई, ती तिसरीत हाय."

"कुठल्या शाळेत?"

तिनं निवासी शाळेचं नाव सांगितलं. बाईंनी ढिगाकडे पाहिलं, पोरीच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. "एका पोरीचं नाव दोन शाळांत लागत नाही," त्या म्हणाल्या. "तिथून दाखला आणा. मी परवा येते."

गोजराबाई देवरामकडे गेली. तो आधी गोड बोलला, मग त्याचा चेहरा बदलला. "एक नाव कमी केलं की लोक विचारणार, का कमी केलं? मग बाकीची नावं निघतील. आन् मावशी, तुझा खळ्याचा शेठ अण्णांचा मेव्हणा लागतो, ठावं हाय ना? उद्या ढिगावर कोण बसू देईल तुला?"

दोन दिवस तिनं पोरीशी धड बोलणंही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रतिभाबाई आल्या, हातात नवी पाटी. गोजराबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बोर्डिंगातच असती ती. आजारी पडली म्हणून आणलीया. जाईल माघारी."

सुवर्णा चार हातांवर कात्री घेऊन बसली होती. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. बाई पाटी तशीच घेऊन गेल्या. पुढं कधी त्या रस्त्यात दिसल्या की गोजराबाई वाट बदलायची. शिव्या द्यायला न कचरणारी बाई, पण त्या बाईसमोर उभं राहायची तिला लाज वाटायची. वाटायलाच हवी होती. पण अण्णासाहेबांना कधी वाटली? त्या साहेबांना?

दोन हजार तीनच्या जूनमध्ये देवरामनं दाखला आणून दिला. सातवी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली. शाळा सातवीपर्यंतच होती, नाव आपसूक सुटलं. गोजराबाईनं दाखल्याला हळदकुंकू लावलं, खळ्यावर पेढे वाटले, सुवर्णाला धुतलेला परकर घातला आणि तिला हायस्कूलला घेऊन गेली. "आय, मला येत नाय गं काय," पोर वाटभर सांगत होती. "आपसूक येईल," आई म्हणत होती.

मुख्याध्यापकांनी दाखला वाचून नाव पुकारलं. सुवर्णा ताडकन सरळ झाली, हाताची घडी घातली आणि खणखणीत ओरडली, "हजर, सर!"

सर हसले. फळ्याकडे बोट करून म्हणाले, "छान. नाव लिही तुझं."

तिनं खडू घेतला. 'स' काढला, पाच वर्षांपूर्वी बाईंनी शिकवलेला तोच. त्याच्यापुढं हात जाईना. सरांनी पुस्तक पुढं केलं, तिनं ते उलटं धरलं.

"हा दाखला कुणाचा चोरून आणलात?" सर गरजले.

"चोरला नाय साहेब, तिचाच हाय," गोजराबाईला रडू फुटलं. "पण ती शाळेत गेलीच नाय कधी. एक बाई न्यायला आली हुती. मीच नाय धाडली."

सरांनी दाखला पुन्हा एकदा वाचला. मग तो परत देत म्हणाले, "बाई, तेरा वर्षांची पोर आठवीत बसवू कशी? आणि पहिलीत तरी कशी बसवू? हिच्या नावावर सात वर्गांचं शिक्षण सरकारनं कधीच देऊन टाकलंय."

दुसऱ्या दिवशी दोघी ढिगापुढे होत्या.

दिवाळीनंतर दरवर्षीसारखा टेम्पो आला. अण्णासाहेबांनी आठवीची मान्यता आणली होती, मोठी पोरं कमी पडत होती. "मावशी, सुवर्णाला पण धाड," देवराम म्हणाला. गोजराबाई कात्री घेऊनच उठली. इतक्या वर्षांच्या साठवलेल्या सगळ्या शिव्या तिनं त्याला मोजून घातल्या, टेम्पोची फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. म्हणाली, "माझी पोर येणार नाय."

सुवर्णानं हात धुतले, परकराला पुसले, आणि आईची बोटं फळीवरून एकेक करून सोडवली. "जाऊ दे गं, आय. दिवसभर बाकावर बसाया मिळतं."

वर चढून ती लहान पोरांत दाटीनं बसली. मग देवरामला विचारलं, "भाऊ, या बारीला माझं नाव काय?"