सारख्या अंतरावरचे पडदे

निवृत्तीनंतर परवा पहिल्यांदाच शाळेत गेलो. कार्यालयातल्या काचेच्या कपाटात माझ्या सातवीच्या मुलांनी भोपळा आणि बांबू जोडून केलेली वाद्यं मांडलेली दिसली.

सुनंदानं तेव्हा सतारीसारखे पडदे पट्टीनं मोजून अगदी सारख्या अंतरावर बसवले होते. वाजवलं, तर सगळं बेसूर. "सर, मी तर नीट मोजलंय!" ती रडकुंडीला आली. मग कानानं ऐकत तिनं एकेक पडदा सरकवला, पुन्हा मोजलं आणि ओरडलीच, "सर, सूर चढतो तसं अंतर कमी होत जातंय!" गुणोत्तर मी तिला शिकवलं नाही, ते तिला ऐकू आलं. फळ्यावरचं पुसलं जातं, पण असं कळलेलं कुठे जात नाही, या एका समजुतीवर मी इतकी वर्षं काढली.

कपाटाजवळ गेलो. सुनंदाच्या वाद्याची तार काढलेली होती. पडदे पुन्हा सारख्या अंतरावर चिकटवलेले होते.

"वेडेवाकडे दिसत होते सर. तपासणीआधी मी मोजून नीट केले," गणिताचे नवे शिक्षक म्हणाले.

"छान दिसतायत," मी म्हणालो.