पाणीवालीचं हक्कसोडपत्र

जाफराबादच्या तहसील कचेरीसमोर निळ्या ताडपत्रीखाली रामप्रसाद बसतो. टेबल, लॅपटॉप, प्रिंटर, शाईचं पॅड आणि अंगठा पुसायला एक चिंधी. एकोणीस वर्षं तो लोकांचे दस्त लिहितोय. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. दस्तात दोनच माणसांना किंमत असते, लिहून देणार आणि लिहून घेणार. ज्यानं खरोखर लिहिलं त्याचं नाव शेवटच्या पानाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरात येतं, की त्यावर कचेरीचा शिक्का उमटला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

रामप्रसादचं बिघडायचं. आपल्या शब्दांवर अख्खा तालुका जमिनी इकडच्या तिकडे करतो आणि आपण शिक्क्याखाली, ही त्याची सल होती. म्हणून एक छापील वस्तू त्याला स्वतःच्या पोरांपेक्षा थोडी जास्तच प्रिय होती. 'कोरड्या बारवेचं गाव'. पानं अठ्ठेचाळीस, लेखक रामप्रसाद. नाव वर, मोठ्या अक्षरात, कुठल्याही शिक्क्याच्या आवाक्याबाहेर.

ही कादंबरी नव्हे. 'भुयार' नावाच्या खेळासाठी रचलेलं हे एक गाव. खेळ पुण्याच्या अष्टकोन नावाच्या कंपनीचा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि सांगतो, तुम्ही एका गावाच्या वेशीत आलात, एकही कुत्रं भुंकत नाही, आता काय करता? बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू होऊन उत्तर देतात. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं.

जाफराबादेत हे समजावून सांगणं अवघड होतं.

"पैसे लावतेत का?" लोक विचारायचे.

"न्हाई."

"मंग जिंकतं कोण?"

"कोणीच न्हाई."

"मंग दर रविवारी करून काय राह्यले तुम्ही?"

दर रविवारी दुपारी मिथुनच्या मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत रामप्रसाद सूत्रधार व्हायचा, म्हणजे जवळजवळ देव. नऊ वर्षांत ती खुर्ची त्यानं एकदाही सोडली नव्हती. मिथुन योद्धा. दार उघडं आहे का हे न बघता तलवार घालायची, ही त्याची पद्धत. एस.टी.चा कंडक्टर भागवत चोर व्हायचा, पण राक्षसाच्या गुहेतही सोबत्यांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणायचा. आणि मीना. ती ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासते. बोलायची कमी. फासा उलटा पडला तरी तिचा चेहरा बदलायचा नाही, जणू काय पडणार हे तिला आधीच ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी, मीना खेळात नवीनच होती तेव्हा, एका रविवारी खेळ अडला. रामप्रसादनं सगळ्यांना कोरड्या बारवेपाशी आणलं होतं आणि पुढं काय हे त्याचं त्यालाच सुचत नव्हतं. तेव्हा मीना म्हणाली, "बारवेत एक म्हातारी बसलेली हाय. तिच्याजवळ एकच घागर. ती पाणी पाजती. पण दर ओंजळीला तुमच्या ध्यानातलं एक नाव काढून घेती."

"कोणाचं नाव?"

"ते पिणारानं ठरवायचं."

मिथुननंसुद्धा तलवार घातली नाही. पुढं रामप्रसादनं पुस्तक लिहिलं ते या पाणीवालीमुळं. ती मुखपृष्ठावर आली. पुण्या-नाशिकचे खेळाडू त्याला लिहायचे, पाणीवाली कशी सुचली हो तुम्हाला? तो उत्तर द्यायचा, "सुचत गेली." मीनाचं नाव आभाराच्या पानावर होतं, चहावाल्याच्या खाली.

हे सगळं करता आलं, कारण कंपनीनं पहिल्यापासून खुला परवाना दिला होता. आमच्या नियमांवर कुणीही गावं रचावीत, भुतं रचावीत, छापावीत, विकावीत. परवान्याखाली 'मान्य' असं बटण होतं. रामप्रसादनं ते दाबलं. वाचलं नाही. त्याच्या ताडपत्रीला 'दस्त वाचून व समजून सही करावी' अशी पाटी लटकलेली आहे. ती त्यानं स्वतः लावली, म्हणून तिच्याकडं त्याचं लक्ष जात नसावं.

मागच्या थंडीत कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द. यापुढं 'भुयार'साठी कुणीही काहीही रचलं तरी कंपनी ते हवं तसं वापरणार, रचणाऱ्याला न विचारता.

भुयारकरांच्या टेलिग्राम ग्रुपवर वणवा लागला. नऊ हजार माणसं, आणि प्रत्येकाचा विश्वासघात वेगळा. ठाण्यातल्या एकानं नियमपुस्तिका जाळली. फोटो नीट आला नाही म्हणून मित्राकडून दुसरी मागून आणून पुन्हा जाळली. पुण्यातल्या काहींनी फासे नदीत सोडले आणि रविवारी खेळ आहे हे आठवल्यावर नवे मागवले, त्याच कंपनीचे, कारण दुसरे नीट गडगडत नाहीत. मसुदा कुणीच वाचला नव्हता. नाशिकच्या एका उत्साही माणसानं रामप्रसादला लिहिलं, "तुम्ही जालना जिल्ह्याचे ना? मग उपोषणाला बसा की. तुमच्याकडं सवय आहे."

रामप्रसादनं मात्र मसुदा वाचला. कडूबा नावाचा म्हातारा खरेदीखतासाठी ताटकळत असताना त्यानं चौदा पानं एका बैठकीत संपवली. राग यायला हवा होता. आधी आला तो आदर. काय दस्त होता! कुठं फट नाही, कुठं दया नाही. देणाऱ्याचं सगळं जातं आणि वाचताना त्याला वाटतं की आपल्यालाच काहीतरी मिळालं. असं कलम आपल्या हातून उतरलं असतं तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग तो रागावला.

त्याच तिरीमिरीत त्यानं ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. शेवटचं वाक्य होतं, 'कल्पनेचा सातबारा निघत नाही!'

संध्याकाळपर्यंत ते वाक्य नऊ हजार लोकांच्या तोंडी झालं. चौथ्या दिवशी त्याचे टी-शर्ट निघाले. रामप्रसादनं एक मागवला आणि कडुलिंबाखाली उभं राहून फोटो काढून घेतला. पोट आत ओढल्यामुळं चेहऱ्यावर आपोआप निर्धार आला होता.

पण मसुद्यात नववं कलम होतं. ज्याला आपली रचना कंपनीपासून वाचवायची आहे त्यानं तीस दिवसांत आपण तिचे एकटे मालक असल्याचा लेखी पुरावा द्यावा. एकटे. रामप्रसादला धंद्यानं शिकवलेलं होतं की उताऱ्यावर नावं वाढली की मिळकत अडकते. पाणीवालीच्या उताऱ्यावर, नीट बघितलं तर, नाव भलतंच निघण्याची भीती होती. ते नीट बघण्याऐवजी त्यानं पाचशेचे तीन मुद्रांक काढले.

रविवारी फाशांच्या शेजारी तीन हक्कसोडपत्रं मांडलेली होती.

"कंपनीशी लढायचं तर नाव एकच लागतं," तो म्हणाला. "आपल्या सगळ्यांच्या भल्यासाठी हाय. जल्दी सह्या करा, मंग खेळ सुरू करू."

मिथुननं फोनवर बोलत बोलत सही केली. भागवतनं चष्मा लावून पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचला. "सदरील मिळकत मौजे कोरडी बारव. चतुःसीमा: पूर्वेस राक्षसाचं रान, पश्चिमेस आटलेला ओढा, दक्षिणेस शापित चावडी, उत्तरेस शासकीय रस्ता." तो हसून हसून ठसकला. "आरं लेका, भुताच्या गावात शासकीय रस्ता कोणी केला?"

"नमुन्यातच असतो तो. सही कर."

भागवतनं केली. मीनानं कागद हातात घेतला आणि रक्ताचा रिपोर्ट वाचावा तसा, आकडा चुकू नये अशा बेतानं, शेवटपर्यंत वाचला. मग एक वाक्य आवाज न चढवता म्हणून दाखवलं. "मी लिहून देणार माझा संपूर्ण हक्क प्रेमापोटी, स्वखुशीनं, विनामोबदला, कोणाच्याही दबावाला बळी न पडता सोडून देत आहे."

"नमुनाच हाय तो," रामप्रसाद म्हणाला.

"पाठ हाय मला, भाऊ. तुम्हीच लिहिल्तं."

"मी?"

"दोन्ही भावांसोबत आल्ते मी तुमच्या ताडपत्रीत. सहा वर्षं झाली, खेळात यायच्या थोडं आधी. मी वाचायला घेतलं तर तुम्ही म्हणले, वाचून काय करती बाई, सही कर, माहेर तुटत न्हाई. भावांनी पेढे आणल्ते. तुम्ही दोन खाल्ले."

रामप्रसादनं आठवून पाहिलं. आठवड्याला चार हक्कसोडपत्रं तो लिहितो. बहिणी येतात, पदर सावरत खाली बघतात, सही करतात, चिंधीला अंगठा पुसतात. पेढे बहुतेक वेळा असतातच. एकीचाही चेहरा त्याला आठवला नाही. पेढेही आठवले नाहीत.

"त्याच्यानंतर मी माहेरी गेल्ते," मीना म्हणाली. "आमच्या विहिरीवर. भावजयीनं तांब्यात पाणी आणून दिलं. पाहुणीला देतेत तसं. मंग पुढच्या रविवारी पाणीवाली सुचली."

भागवत फासा उगाच हातात फिरवत होता. मिथुननं फोन ठेवला.

"ते वेगळं, हे वेगळं," रामप्रसाद म्हणाला. "ती जमीन व्हती. हा तर खेळ हाय."

"मंग पाचशेचा कागद कशाला?"

त्यानं आवाज चढवला. कंपनी सगळं गिळून राह्यली, तू आपल्याच माणसाशी भांडती, असं काहीबाही बोलला. मीनानं कागदाची नीट घडी घातली, त्याच्यासमोर ठेवली आणि जिना उतरून गेली. तो रविवार तिथंच संपला. पुढचे दोन भरलेच नाहीत. मिथुनला अचानक गिऱ्हाइकं वाढली, भागवतची ड्युटी बदलली.

सत्ताविसाव्या दिवशी कंपनी झुकली. 'आम्ही ऐकायला कमी पडलो' अशा सुरुवातीचं पत्र निघालं. नवा परवाना मागे, जुना कायमचा, आणि आता तो कंपनीलाही परत घेता येणार नाही. ग्रुपवर फटाक्यांचे फोटो पडले. ज्यांनी पुस्तिका जाळल्या होत्या ते नव्या प्रतीवर सवलत आहे का विचारू लागले. रामप्रसादला पुण्याच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. विजयाचा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून त्यानं खुंटीला लावला.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी ग्रुपवर नवं पुस्तक आलं. 'पाणीवाली'. लेखिका मीना. खाली रीतसर ओळ: भुयारच्या खुल्या परवान्यानुसार.

रामप्रसादनं ते ताडपत्रीखाली बसून वाचलं. बारव तिथंच होती, म्हातारी तिथंच होती. पण पायऱ्यांच्या तोंडाशी एक नवा माणूस आला होता. निळ्या कापडाखाली बसलेला. जो नाव विसरेल त्याच्याकडून हा कागद लिहून घेतो आणि म्हणतो, सही करा, गाव तुटत नाही. समासात सूचना होती: 'याच्याशी लढता येत नाही, तो हत्यार उचलत नाही. त्याला त्याचं स्वतःचं नाव विचारावं. तो खाली बघतो. तेवढ्यात निघून जावं.'

लोकांना हा माणूस फार आवडला. इतका ओळखीचा वाटतो, असं नऊ जणांनी लिहिलं.

रामप्रसादनं ग्रुपवर टाकलं, 'ही पाणीवाली माझ्या पुस्तकातली आहे. चोरी आहे.' दहा मिनिटांत उत्तरं आली. कुणी शब्द वापरले नाहीत. सगळ्यांनी एकच फोटो पाठवला: कडुलिंब, आत ओढलेलं पोट, निर्धार, आणि छातीवर 'कल्पनेचा सातबारा निघत नाही!'

मग त्यानं एक अशी गोष्ट केली जी त्याच्या लक्षात कुणी आणून दिली असती तर त्यानं नाकारली असती. त्यानं जुना खुला परवाना उघडला आणि पहिल्यांदा वाचला. फट शोधत वाचला. नव्हती. आपणच लढून ती बुजवून घेतली होती.

पुण्याला तो गेला नाही. शनिवारी मिथुनचा निरोप आला, "काका, उद्या या. सूत्रधार ताई हाय."

तो जाणार नव्हता. तीन वाजता गेला. खुर्चीत मीना बसलेली होती. त्याच्यासाठी खिडकीजवळ प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं, ज्यावर एरवी चहाची किटली असायची. भागवतनं "पुढं सरका" म्हणत जागा केली.

"तुम्ही कोण, भाऊ?" मीनानं विचारलं. खेळात सूत्रधारानं विचारायचं असतं तसंच.

"वाटसरू," तो म्हणाला. दुसरं काही तयार नव्हतं.

"दोन दिवस चालून राह्यले तुम्ही. बारवेपाशी आले. म्हातारीनं घागर तिरपी केली. पाणी पाह्यजे तर एक नाव द्यावं लागंल."

रामप्रसाद ओंजळ धरल्यासारखा बसून राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून घेताना ही गोष्ट किती सोपी वाटली होती.

"लिहून द्यायचं, का तोंडी चालंल?"

मिथुन फस्सकन हसला. मीना हसली नाही. "तोंडीच. कागद न्हाई पाह्यजे तुमचा."

"मंग कव्हरावरचं घे," तो म्हणाला. "माझ्या पुस्तकाच्या. तुझं टाक तिथं."

तिनं वीस बाजूंचा फासा त्याच्याकडं सरकवला. "देतो म्हणलं की झालं न्हाई, भाऊ. टाका."

त्यानं टाकला. फासा टेबलाच्या कडेपर्यंत गडगडत गेला, भागवतच्या चष्म्याच्या डबीला अडला. चार.

मीनानं आकडा पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि वर न बघता म्हणाली, "म्हातारीनं घागर उचलली. उद्या या."

तहसीलीत म्हणतात, अगदी तसंच.