शीबाई आणि चोवीस आरे

आमच्या शाळेतल्या हस्तकलेच्या बाईंना सगळ्याचीच किळस यायची. कुणाचं नाक वाहिलं, कुणाच्या नखांत माती दिसली, मागच्या नाल्यातून कारखान्याच्या पाण्याचा वास आला, की त्या नाक मुरडून ‘शी!’ म्हणायच्या. पिंपरीच्या आमच्या कामगार वसाहतीत त्यांना सगळे शीबाईच म्हणत.

मी चौथीत होते. त्या पावसाळ्यात मला खरूज झाली. बोटांच्या बेचक्यांत पू, सारखी खाज. बाकावर शेजारी कुणी बसेना. माझे हात पाहून बाईंनीही तोंड फिरवलं. वाटलं, आता या मला वर्गाबाहेर काढणार. दुसऱ्या दिवशी त्या गंधकाचं मलम घेऊन आल्या. “हात पुढं कर. शी, किती चिघळवलंयस!” असं पुटपुटत, श्वास रोखून, त्यांनी एकेका बोटाला ते लावलं. मग रोज मधल्या सुट्टीत लावत राहिल्या. तोंड वाकडंच असायचं.

पंधरा ऑगस्टसाठी त्या आमच्याकडून कागदी झेंडे रंगवून घेत. कामट्या चिकटवायची खळ आंबून तिला घाण सुटायची. बाई नाकाला पदर लावून बाकांमधून फिरायच्या. पण चूक चालायची नाही. बांगडी ठेवून चाकाचा गोल काढायचा आणि आरे मोजून चोवीस. “तेवीस आऱ्यांचं चाक म्हणजे मोडकं चाक,” म्हणून माझा पहिला झेंडा परत आला. दुसरा त्यांनी उजेडात धरून पाहिला. “हा पाहुण्यांना द्यायचा.”

हेडमास्तरांनी ते ऐकलं. “त्या खरजुलीच्या हातचा? पाहुणे कंपनीतले मोठे साहेब आहेत, बाई!”

मी तिथंच उभी होते. “पू बघून मला मळमळतं, सर,” बाई म्हणाल्या. “पण तुमचं बोलणं ऐकून जास्त मळमळलं.”

पंधरा ऑगस्टला झेंडा मीच दिला. माझी बोटं पाहून साहेबांनी तो रुमालात धरून घेतला आणि लगेच खुर्चीखाली टाकला. बाई सरळ पुढे गेल्या, झेंडा उचलून पदरानं पुसला आणि साहेबांसमोरच्या फुलदाणीत खोचला. त्यांनी साहेबांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं आमच्या शेंबडाकडेही कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात माझी बोटं सुकली आणि बाईंची चिघळली. मुलांना लागण होईल, असं सांगून हेडमास्तरांनी त्यांना घरी बसवलं. त्यांनी तळेगावच्या शाळेत नोकरी धरली. निघायच्या दिवशी आई मला त्यांच्या खोलीवर घेऊन गेली. आम्ही लातूरकडचे; आईला बाईंसारखं शुद्ध बोलता येत नसे. “आमच्या पोरीपायी झालं बगा, बाई.”

“पोरीपायी नाही, खरजेच्या किड्यापायी,” बाई म्हणाल्या.

मी पुढे झाले तशा त्या मागे सरकल्या. “लांब राहा. पुन्हा होईल तुला.”

“होऊ दे,” म्हणत मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. बाईंनी ते सोडवून घेतले नाहीत.

आठवडाभरात मला पुन्हा खाज सुटली. आई कपाळाला हात लावून बसली. मला मात्र या वेळी लाज वाटली नाही.